शिसं, सूत आणि प्लेगचं गाव : डर्बीशायरमधले काही दिवस

डर्बीशायर हा इंग्लंडच्या मध्यावरचा परगणा. त्याला समुद्र नाही. दक्षिणेला कुरणं आणि शेती, उत्तरेला पीक डिस्ट्रिक्टचे उघडे माळ आणि दोन्हींना शिवणारी डर्वेंट नदी. माझी आत्या नर्स म्हणून इथे आली आणि डर्बीतच निवृत्त झाली. फोनवर तिचं नेहमीचं एकच म्हणणं असायचं, "यायचं तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ये. ईम गावचा प्लेग रविवार तुला दाखवायचाय." या वर्षी तो योग आला. गाडी आत्याची, चालवणारीही तीच. राहण्याची सोय आम्ही आधी मॅटलॉकजवळ आणि मग ईमच्या आसपास केली होती.

गुरुवार : डर्बी आणि क्रॉमफर्ड

सकाळी आत्या मला सर्वांत आधी लंडन रोडवरच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पुतळ्याकडे घेऊन गेली. तिथून नदीकाठच्या सिल्क मिलकडे. 1721 साली उभी राहिलेली ही रेशमाची गिरणी इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या कारखान्यांपैकी एक मानली जाते. तिच्यामागची गोष्ट हेरगिरीची आहे. रेशमाला पीळ देणारी यंत्रं तेव्हा इटलीत होती आणि त्यांचं गुपित बाहेर जाऊ नये यासाठी कडक कायदे होते. जॉन लोंब हा तरुण पिडमाँटला गेला, त्या यंत्रांची माहिती चोरून परतला आणि भावाबरोबर डर्वेंटच्या पाण्यावर चालणारी गिरणी उभी केली. पुढच्याच वर्षी तो वारला. इटलीहून आलेल्या बाईने विष घातलं, असं लोक म्हणत राहिले. आता तिथे 2021 पासून 'म्युझियम ऑफ मेकिंग' आहे.

दुपारी क्रॉमफर्ड. मला खरं पाहायचं होतं ते हे. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, लालबागच्या गिरणीत थ्रॉसल खात्यात सूत काढायचे. त्या कामाचा उगम शोधत गेलं तर माणूस क्रॉमफर्डच्या या दगडी आवारात येऊन पोहोचतो. रिचर्ड आर्कराइट हा प्रेस्टनचा न्हावी, केसांचे टोप बनवणारा. त्याने 1769 मध्ये सूत कातण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1771 मध्ये इथे ते पाण्याच्या चाकाला जोडलं. त्याआधी इंग्लंडमध्ये निघणारं सूत उभ्या ताण्याला टिकत नसे, म्हणून ताणा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा, आणि बाणा सुताचा असं कापड निघायचं. आर्कराइटच्या यंत्राने ताण्याचं सूत दिलं आणि पूर्ण सुती कापड इंग्लंडमध्ये विणता येऊ लागलं.

या ठिकाणी हिंदुस्थान फार जवळ आहे. आपल्याकडच्या छापील सुती कापडाने इंग्लंडच्या लोकर आणि रेशीमवाल्यांना इतकं घाबरवलं होतं, की 1721 मध्ये पार्लमेंटने असं कापड वापरण्यावरच बंदी घातली. तो कायदा 1774 मध्ये उठला. तो उठावा म्हणून खटपट करणाऱ्यांत आर्कराइट होता, कारण आता तेच कापड तो इथे तयार करणार होता. पुढे यंत्राचं सूत आपल्या बाजारात आलं आणि घरोघरच्या चरख्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला गिरणी काढायला घेतली, तेव्हा क्रॉमफर्डचं हे तंत्र आपल्याकडे येऊन पोहोचलं होतं.

आवार फिरवणारे स्वयंसेवक स्वतः निवृत्त इंजिनिअर होते. आजोबांचं खातं सांगितल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन यंत्राचे रूळ दाखवले. पेळू तीन जोड्यांतून जातो, पुढची जोडी मागच्यापेक्षा जोरात फिरते, म्हणून तो ताणला जाऊन बारीक होतो आणि मग चातीवर पीळ बसतो. आत्या म्हणाली, "बाबा दोन बोटांनी तुटलेलं सूत असं जोडायचे," आणि तिने हवेत ती खूण करून दाखवली. त्या गृहस्थांनी ती खूण पुन्हा करायला लावली.

गिरणी दिवसरात्र चालायची, बारा-बारा तासांच्या पाळ्यांमध्ये. कामाला मुख्यतः बायका आणि मुलं. रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या बाजूला खिडकीच नाही. यंत्रं फोडायला येणाऱ्या जमावाची आर्कराइटला भीती होती. गावातली नॉर्थ स्ट्रीटवरची 1776 ची तीनमजली घरं आजही राहती आहेत. वरच्या मजल्यावर लांबच लांब खिडकी, तिथे घरातला पुरुष माग चालवायचा.

ही गिरणी मोठ्या नदीवर नाही, एका ओढ्यावर आणि शिशाच्या खाणीतून पाणी काढण्यासाठी खोदलेल्या बोगद्याच्या तोंडावर आहे. जमिनीखालून येणारं ते पाणी कोमट, त्यामुळे कडक थंडीतही गोठत नसे. चाक बारा महिने फिरायचं. पुढे खाणवाल्यांनी आणखी खोल बोगदा खणला, पाण्याने खालची वाट धरली आणि 1840 च्या दशकात गिरणीचं पाणी आटत गेलं. शिशाच्या खाणीने दिलेलं पाणी शिशाच्या खाणीनेच काढून घेतलं.

संध्याकाळी आत्याने गाडी ली गावाकडे वळवली. लीहर्स्ट हे नाइटिंगेल कुटुंबाचं उन्हाळी घर इथून अगदी जवळ आहे. ते खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहावं. या कुटुंबाचा पैसा शिसं वितळवण्याच्या धंद्यातून आला होता. ज्या पीटर नाइटिंगेलची ही मालमत्ता फ्लॉरेन्सच्या वडिलांकडे आली, त्याचे जमिनीचे व्यवहार आर्कराइटशीही होते आणि लीमध्ये त्याने स्वतः सुताची गिरणी काढली होती. हिंदुस्थानात कधीही न आलेल्या फ्लॉरेन्सने आपल्याकडचं पाणी, गटारं आणि दुष्काळ यांवर कित्येक वर्षं लिहिलं. आत्याने तो कागदपत्रांचा भाग नोकरीत असताना वाचला होता. फाटकापाशी उभी राहून ती त्याबद्दल बराच वेळ बोलत होती.

*जाणाऱ्यांसाठी :* डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी रेल्वे क्रॉमफर्डला थांबते, स्टेशनवरून गिरणी चालत दहा-पंधरा मिनिटांवर. गाडी नसली तरी काही अडत नाही. हा सगळा डर्वेंट खोऱ्याचा पट्टा 2001 पासून जागतिक वारसा यादीत आहे. वेळ असेल तर क्रॉमफर्ड कालव्याच्या काठाने हाय पीक जंक्शनपर्यंत चालत जा, वाट सपाट आहे.

शुक्रवार : वर्क्सवर्थ, मग बेकवेल

रात्रभर पाऊस होता. सकाळी वर्क्सवर्थच्या चढावर धुकं उतरलेलं. चहाच्या दुकानात आम्ही डर्बीशायर ओटकेक मागवला. ओटच्या पिठाचं, यीस्ट घालून फुगवलेलं, जाड धिरडंच ते. शाकाहारी असाल तर चीज आणि मशरूम घालून मागा, नाहीतर बेकन येतं.

वर्क्सवर्थ हे शिशाच्या खाणींचं जुनं मुख्य गाव. इथल्या खाणकामगारांचे हक्क ऐकून मी थक्क झाले. चर्चचं आवार, बाग, फळबाग आणि हमरस्ता सोडून या भागात कुणालाही, कुणाच्याही जमिनीत शिसं शोधण्याचा अधिकार होता. जमीनमालकाची परवानगी लागत नसे. शिरा सापडली की खनिजाची एक मोजपात्रभर भेट खाण-अधिकाऱ्याला द्यायची आणि खाण तुमची. मग तेरा मापांमागे एक माप राजाचं. खाण पडून राहिली, तर अधिकारी येऊन वर बसवलेल्या लाकडी रहाटावर एक खाच पाडायचा. आठवड्याने दुसरी, पुढच्या आठवड्यात तिसरी. तिसऱ्या खाचेनंतर खाण दुसऱ्याला. शिसं चोरताना तिसऱ्यांदा सापडणाऱ्याची शिक्षा भयंकर होती : त्याचा हात त्याच रहाटाला सुऱ्याने ठोकायचे.

हे सगळं सांभाळणारं 'बारमोट कोर्ट' आजही भरतं. वर्षातून एकदा, वसंतात, मूट हॉल नावाच्या छोट्या इमारतीत. खाणी बंद झाल्या, तरी ज्यूरी शपथ घेते. ब्रेड, चीज, मातीच्या चिलमी आणि तंबाखू समोर ठेवतात. आठव्या हेन्रीच्या काळातलं, 1513 सालचं, पितळेचं अधिकृत मोजपात्र तिथेच जपलेलं आहे. हॉल एरवी बंद असतो, म्हणून ते आम्हाला पाहता आलं नाही. पण सेंट मेरी चर्चच्या भिंतीतला 'टाऊड मॅन' पाहता आला. एका हातात टोपलं, खांद्यावर कुदळ घेतलेला, वीतभर दगडात कोरलेला खाणकामगार. बॉन्सल गावाहून तो इथे आणून बसवला. चर्चमध्ये संत आणि सरदार पुष्कळ दिसतात, अंगावर मळके कपडे असलेला मजूर क्वचित. फुलांची मांडणी करणाऱ्या एका आजीबाईंनी स्वतःहून दिवा लावून दिला. त्यांच्या आजोबांचे आजोबा खाणीत होते. "ज्यांना जमिनीखाली कामाला जावं लागलं ते सगळेच हा," असं त्या म्हणाल्या.

बेकवेलला पोहोचेपर्यंत ऊन पडलं. वाय नदीवरचा पाच कमानींचा मध्ययुगीन पूल, खाली ट्राउट मासे आणि पुलावर त्यांना तुकडे टाकणारी मुलं. बेकवेल पुडिंगची गोष्ट अशी सांगतात, की सराईतल्या स्वयंपाकिणीला बाईंनी अंडं आणि बदामाचं मिश्रण पिठात घालायला सांगितलं होतं. तिने ते जॅमवर ओतलं आणि भाजून निघालेला पदार्थ पाहुण्यांना आवडला. मूळ कृती आपल्याकडेच असल्याचं गावातली एकाहून अधिक दुकानं सांगतात. आम्ही दोन ठिकाणी खाल्लं. मला जुन्या पद्धतीचं, पापुद्र्याचं, जरा ओबडधोबड दिसणारं जास्त आवडलं. ते गरम खा आणि दोघांत एक घ्या, फार गोड असतं.

शनिवार : ईम

पाटीवर 'एयाम' वाचावंसं वाटतं, पण बसवाल्याला विचारताना 'ईम' म्हणा.

गावात पोहोचलो तेव्हा विहिरींच्या सजावटीच्या फळ्या उभ्या राहिल्या होत्या. पाण्याच्या जागा फुलांनी सजवण्याची ही डर्बीशायरची खास प्रथा. टिसिंग्टन गावात ती 1349 च्या महामारीनंतर, तिथलं पाणी शुद्ध राहिलं याबद्दलची कृतज्ञता म्हणून सुरू झाली असं सांगतात. दुसरं मत 1615 च्या दुष्काळाचं. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत एकेका गावाची पाळी येते, ईमची ऑगस्टच्या शेवटी.

फळीजवळ उभ्या असलेल्या बाईंनी आम्हाला सगळी रीत सांगितली. त्यांच्या नखांत अजून चिकणमाती होती. लाकडी चौकट आधी पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे ती मातीतला ओलावा शोषत नाही. मीठ घालून मळलेली चिकणमाती तिच्यावर थापायची. कागदावरचं चित्र वर पसरून सुईने टोचून उतरवायचं. मग रेषांवर आल्डर झाडाची काळी बोंडं किंवा कॉफीच्या बिया बसवायच्या आणि रंग भरायला पाकळ्या, शेवाळ, पानं, बिया. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, प्रत्येक वरची खालचीवर थोडी चढवायची, म्हणजे पाऊस ओघळून जातो. सगळं नैसर्गिक हवं. आठवडाभर गावातल्या बायका, पुरुष, शाळकरी मुलं आळीपाळीने बसतात आणि हे सगळं आठवडाभरच टिकतं. हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या आपल्या बागेतल्या आहेत, असं बाईंनी दोनदा सांगितलं. आत्याने वाकून त्या नीट पाहिल्या, तेव्हा त्यांना फार आनंद झाला.

ईममध्ये पाण्याला मान असणं साहजिक आहे. 1588 मध्ये इथे झऱ्याचं पाणी नळांतून दगडी कुंड्यांत आणलं होतं, ती कुंडं रस्त्याकडेला अजून आहेत.

आता प्लेग. चर्चच्या शेजारी एका ओळीत छोटी दगडी घरं आहेत. 1665 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग चालू होता. इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. तो ओलसर होता, म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिराने तो चुलीपुढे वाळत घातला. कापडात पिसवा होत्या. 7 सप्टेंबरला जॉर्ज दफन झाला. मग घरातली मुलं, मग शेजारी. आज त्या घरांपुढे हिरव्या पाट्या आहेत, त्यांवर कोण कोण गेलं त्यांची नावं. घरांत लोक राहतात, पाट्यांखाली गुलाब फुललेले.

हिवाळ्यात साथ मंदावली आणि 1666 च्या जूनमध्ये पुन्हा भडकली. गावचा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन अवघा 28 वर्षांचा, नवखा, गावाला फारसा न आवडणारा. आधीच्या थॉमस स्टॅन्लीला राजाने ठरवलेली प्रार्थनापद्धत मान्य नव्हती, म्हणून त्याला काढून टाकलेलं, पण लोकांचा विश्वास त्याच्यावर. दोघांनी एकत्र येऊन गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. ज्याने त्याने आपल्या माणसाला आपल्याच शेतात किंवा परसात पुरायचं. चर्च बंद, प्रार्थना उघड्यावर. आणि गावाबाहेर कुणी जायचं नाही. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातले सरदार, डेव्हनशायरचे अर्ल, अन्न पाठवतील असं ठरलं. गावाने मान्य केलं.

1 नोव्हेंबर 1666 ला शेवटचा मृत्यू झाला, तेव्हा 260 माणसं गेली होती. जुन्या पुस्तकांत गावाची वस्ती 350 दिली आहे. नवे अभ्यासक ती सातशेच्या आसपास धरतात. कमी आकडा धरा की जास्त, गावात कोरी राहिलेली घरं थोडी.

दुपारी आम्ही गावाबाहेर रायली ग्रेव्ह्जकडे चालत गेलो. माळावर दगडी कुंपणाचं छोटं रिंगण, आत सात थडगी. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. ती एकटी प्रेतं ओढत आणायची. चढावर हेदरचा जांभळा बहर होता आणि वारा इतका, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. आत्या थडग्यांवरची नावं एकेक करून वाचत होती.

मग गाव आणि स्टोनी मिडलटन यांच्यामधला सीमेवरचा दगड. त्याला भोकं पाडलेली आहेत. त्यांत व्हिनेगर घालून ईमचे लोक नाणी ठेवायचे आणि बाहेरच्यांनी आणलेलं धान्य तिथून उचलायचे. वाट शेतातून जाते, पावसानंतर चिखल फार. बूट चांगले हवेत.

परतताना आत्याने एक गोष्ट सांगितली. तिच्या आजीने तिला सांगितलेली. आमच्या साताऱ्याकडच्या गावात प्लेग आला की उंदीर पडायला लागायचे आणि सगळं गाव घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचं. ईमने नेमकं उलट केलं, लोक घरातच राहिले. 1665 मध्ये उंदीर आणि पिसवांचा संबंध कुणालाच माहीत नव्हता. तो पॉल-लुई सिमाँ याने दाखवला 1898 मध्ये, कराचीत, आपल्याकडची साथ चालू असताना. म्हणजे ईमच्या माणसांनी शेजारची गावं वाचवण्यासाठी जे केलं, त्याने त्यांचं स्वतःचं मरण बहुधा वाढलं. नर्स म्हणून आत्याचं मत स्पष्ट आहे : त्यांनी त्यांच्याजवळ होतं तेवढ्या ज्ञानात योग्य तेच केलं.

मला पुण्याचं 1897 आठवत होतं. रँडच्या हाताखाली सोल्जर घरात घुसले, माणसं ओढून छावणीत नेली, आणि 22 जूनला गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला गेल्या. विलगीकरण दोन्हीकडे होतं. पण ईममध्ये ते सांगणारी माणसं त्याच गल्लीत राहणारी होती आणि त्यांच्या घरातही मरण आलं. मला वाटतं, गावाने ऐकलं ते यामुळे.

तरी मॉम्पेसनला संत करू नये. त्याने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती, पैसेवाली काही घरंही वेळेवर निघून गेली होती. ईमच्या त्यागाच्या कथेला बरंचसं आजचं रूप एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी दिलं. ईमच्या संग्रहालयात प्रत्येक कुटुंबाची नोंद आहे, ती पाहिल्यावर गोष्टीचं रंगकाम गळून पडतं आणि नावं उरतात. त्याला दोन तास द्या.

रविवार : ककलेट डेल्फ

प्लेग रविवार ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. दुपारी चर्चपासून बँडच्या साथीने लोक निघाले : धर्मगुरू, म्हातारी जोडपी, बाबागाड्या, कुत्री. चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव क्रूस आहे आणि कॅथरीन मॉम्पेसनचं थडगं. मुलांना पाठवूनही ती नवऱ्याबरोबर थांबली आणि 25 ऑगस्ट 1666 ला गेली. वर भिंतीवर 1775 ची सूर्यघडी, तिच्यावर जगातल्या दूरदूरच्या ठिकाणांची नावं.

ककलेट डेल्फ म्हणजे चुनखडकाची हिरवी दरी. बाजूला खडकात निसर्गतःच झालेली कमान आहे. मॉम्पेसन तिथे उभा राहायचा आणि कुटुंबं गवतावर एकमेकांपासून लांब लांब बसायची. याच दरीच्या दोन बाजूंना उभे राहून ईमची एमॉट सिडल आणि स्टोनी मिडलटनचा रोलंड एकमेकांना पाहायचे, अशी आठवण गावात सांगतात. 1666 च्या एप्रिलनंतर ती दिसेनाशी झाली. गाव मोकळं झाल्यावर तो आला, तेव्हा त्याला कळलं.

आम्हीही गवतावर बसलो. हलका पाऊस सुरू झाला, छत्र्या उघडल्या, कुणी उठलं नाही. प्रार्थना, दोन गाणी, छोटं प्रवचन. शेजारच्या आजोबांनी आपल्या ताडपत्रीचा अर्धा भाग आमच्याखाली सरकवला. ते दरवर्षी शेफील्डहून येतात. करोनाच्या काळात इथे येणं कसं वाटलं, असं आत्याने विचारलं. ते म्हणाले, "आम्हाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही." मग त्यांनी थर्मासमधला चहा दिला.

*जाणाऱ्यांसाठी :* बसायला घडीची खुर्ची किंवा ताडपत्री न्या. उतार ओला आणि निसरडा असतो. त्या दिवशी गावात गाडी लावणं कठीण, सकाळी लवकर या.

सोमवार : कॅसलटन

सुट्टीचा सोमवार, त्यामुळे गर्दी. पीक कॅव्हर्न या गुहेचं तोंड एवढं मोठं, की त्यात कधीकाळी दोर वळणाऱ्यांची छोटी वस्तीच राहायची. चारशे वर्षं इथे खाणींसाठी दोर वळले गेले. ओलसर हवेत तंतू तुटत नाहीत, हे त्यामागचं कारण. छतावर त्यांच्या चुलींची काजळी अजून दाखवतात. शेवटच्या कारागिराने 1974 मध्ये काम थांबवलं. या गुहेचं जुनं नाव 'सैतानाचं ढुंगण'. 1880 मध्ये व्हिक्टोरिया राणी इथे मैफलीला आली तेव्हा ते सभ्य केलं गेलं. आता पाटीवर जुनं नाव पुन्हा मिरवतं.

ब्लू जॉन हा जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दगड याच गावाभोवतीच्या डोंगरात निघतो. दुकानातले दागिने महाग आहेत, पण ट्रीक क्लिफ गुहेत भिंतीतला दगड दिव्यासमोर पाहता येतो, तो जास्त सुंदर. वर मॅम टॉर, 517 मीटर. चिखलखडकाचा हा डोंगर सतत घसरतो. त्याच्या कुशीतून जाणारा मोठा रस्ता दुरुस्त करून करून अखेर 1979 मध्ये सोडून दिला. डांबराचे थरावर थर वाकून, फाटून पडले आहेत आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यांवर मेंढ्या चरतात. चढायचं नसेल तर खालून हा मोडका रस्ता तरी जरूर पाहा.

मंगळवार : चेस्टरफील्ड

शेवटचा थांबा वाकड्या मनोऱ्याचा. सेंट मेरी चर्चचा 228 फुटांचा लाकडी कळस पिळल्यासारखा 45 अंश फिरला आहे आणि साडेनऊ फूट झुकला आहे. चौदाव्या शतकात ओल्या लाकडात बांधलेला. आतून पुरेसे आडवे आधार नाहीत आणि वर शिशाचे तीसेक टन वजनाचे पत्रे. त्या शतकातल्या महामारीत जाणते सुतार गेले होते, असंही एक कारण देतात. गावकऱ्यांच्या मते मात्र बोल्सोव्हरच्या लोहाराने सैतानाच्या खुराला नाल ठोकताना खिळा मांसात घुसवला आणि सैतानाने पळताना कळसाला लाथ मारली. मनोऱ्यावर मार्गदर्शकाबरोबर चढता येतं, वेळ आधी विचारून घ्या. आतल्या जाड तुळया आणि वाकलेले सांधे जवळून पाहणं हा या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत आवडलेला अर्धा तास.

त्याच गावात होली ट्रिनिटी चर्चमध्ये जॉर्ज स्टीफन्सन पुरलेला आहे. रेल्वेचा हा जनक आयुष्याच्या शेवटी इथल्या टॅप्टन हाऊसमध्ये राहिला आणि 1848 मध्ये वारला. काकड्या सरळ वाढाव्यात म्हणून त्याने काचेच्या नळ्या करून घेतल्या होत्या. त्याचा मुलगा रॉबर्ट आपल्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर होता आणि बोरघाटाचा मार्ग आखणारा जेम्स बर्कली रॉबर्टच्या हाताखाली शिकला होता. कर्जत-लोणावळा चढताना पुढच्या वेळी हे मनात येणारच.

परतीच्या गाडीची वाट पाहताना आत्याने पुढचा बेत सांगून टाकला. अॅशबर्नचा श्रोव्हटाइड फुटबॉल. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, आधीचा मंगळवार आणि नंतरचा बुधवार, दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले एका बाजूला, दक्षिणेचे दुसऱ्या बाजूला. दोन गोल एकमेकांपासून तीन मैलांवर, खेळणारे शेकडो. चेंडू हाताने न्या, पायाने न्या, नदीतून न्या, पण गाडीत घालून न्यायचा नाही, पिशवीत लपवायचा नाही, चर्चच्या आवारात शिरायचं नाही. दुकानदार आदल्या दिवशीच खिडक्यांवर फळ्या ठोकतात. आत्याचं म्हणणं, राहायची जागा जानेवारीच्या आत ठरवायला हवी आणि जुने कपडे घेऊन ये.